मोरूच्या मावशीची फ्रेंच मावसबहीण

उत्तर अमेरिकेत असे महाराष्ट्र मंडळ क्वचितच असेल, की ज्याच्या रंगमंचावर कधी ना कधी मिशी काढलेला एखादा इंजिनीअर लुगडे नेसून नाचून गेलेला नाही. 'मोरूची मावशी' आपल्या मंडळांना फार मानवते. पात्रे बेताची, नेपथ्याला एक सोफा पुरतो, आणि ज्या गृहस्थाला आपण एरवी मॉर्गेजच्या गप्पा मारताना पाहतो, त्याला पदर सावरताना पाहून हसायला भाषेची शुद्धता लागत नाही. आचार्य अत्र्यांचे हे नाटक १९४७ सालचे. त्याचे मूळ म्हणजे लंडनमध्ये १८९२ साली आलेले ब्रँडन टॉमस यांचे 'चार्लीज आँट' हे प्रहसन. मावशी यायची असते, ती वेळेवर येत नाही, म्हणून मित्रालाच मावशी करायची. विजय चव्हाण यांनी ती भूमिका इतकी गाजवली की आपल्या पिढीला मावशी म्हटले की त्यांचाच चेहरा आठवतो.

या मावशीची एक मावसबहीण फ्रान्समध्ये आहे. तिचे नाव 'ला काज ओ फोल'. शब्दशः अर्थ 'वेड्यांचा पिंजरा', पण फ्रेंच बोलीत 'फोल' हा शब्द बायकी पुरुषांना हिणवायलाही वापरतात, आणि शीर्षकात तो श्लेष आहे. जाँ प्वारे नावाच्या नटाने हे प्रहसन १९७३ साली पॅरिसमध्ये आणले, १९७८ साली त्याचा सिनेमा झाला आणि १९८३ साली त्याचे ब्रॉडवेवर संगीत नाटक झाले. आपल्यापैकी पुष्कळांनी त्याचा हॉलिवुडी अवतार पाहिला असेल: १९९६ सालचा रॉबिन विल्यम्स आणि नेथन लेन यांचा 'द बर्डकेज'. ब्रॉडवेच्या संगीत नाटकाचे प्रयोग पुढे गावोगावच्या हौशी नाट्यसंस्थांनी केले आणि आजही करतात. हा लेख मुख्यतः त्या गावोगावच्या प्रयोगांच्या वाटेविषयी आहे.

गोष्ट सांगितली की मराठी वाचकाला ती चटकन आपली वाटेल, कारण ती मुळात बघण्याच्या कार्यक्रमाची गोष्ट आहे. सेंट ट्रोपे या समुद्रकाठच्या गावी जॉर्ज नावाचा गृहस्थ एक नाइट क्लब चालवतो. क्लबात पुरुष स्त्रीवेषात गातात-नाचतात. त्यांतला मुख्य नट आल्बँ हा जॉर्जचा वीस वर्षांचा जोडीदार. जॉर्जला फार पूर्वीच्या एका चुकार रात्रीतून झालेला मुलगा आहे, जाँ-मिशेल. त्याला आल्बँने आईसारखे वाढवले आहे. आता मुलाचे लग्न ठरते आहे आणि मुलीचे वडील दँदाँ हे 'परंपरा, कुटुंब आणि नीती' अशा नावाच्या पक्षाचे पुढारी. व्याही घर बघायला येणार. मुलगा बापाला सांगतो: भिंतीवरची चित्रे काढा, फर्निचर बदला आणि कृपा करून आल्बँला त्या दिवशी घरी ठेवू नका. वीस वर्षे ज्याने डबे भरले, दुखण्यात उशाशी बसला, तो ऐनवेळी पाहुण्यांच्या नजरेला पडायला नको.

इथे मावशी आणि मावसबहीण यांच्या वाटा वेगळ्या होतात. 'मोरूची मावशी'त लुगडे हे सोंग असते. ते सुटेल की काय या धास्तीवर सगळा हशा उभा असतो आणि शेवटी ते सुटते तेव्हा सगळे मार्गी लागते. 'ला काज'मध्ये सोंग असते ते कोटपँटीचे. आल्बँला 'काका' म्हणून पाहुण्यांसमोर बसवायचे ठरते, म्हणून त्याला पुरुषासारखे चालायला, कप धरायला, पावाला लोणी लावायला शिकवतात. त्याला ते काही केल्या जमत नाही. प्रेक्षक पोट धरधरून हसतात, पण हसतात ते या शिकवणीला. पुढे मुलाची खरी आई ऐनवेळी येत नाही (मावशीही येत नाही, आठवते ना?) आणि आल्बँच आई होऊन पाहुण्यांपुढे येतो. मग रेस्टॉरंटमध्ये त्याला गायचा आग्रह होतो, आणि गाणे संपताच वर्षानुवर्षांच्या सवयीने तो डोक्यावरचा केसांचा टोप काढून प्रेक्षकांना अभिवादन करतो. झाले! शेवटी दारात वार्ताहर गोळा होतात आणि नीतिमान दँदाँ यांना क्लबातून निसटण्यासाठी स्वतःच झगा घालून, नाचणाऱ्यांच्या ओळीतून जावे लागते.

हे नाटक १९८३ साली ब्रॉडवेवर येऊ शकले, हे नवल कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९२६ साली न्यू यॉर्कमध्ये 'द कॅप्टिव्ह' नावाचे नाटक आले. एदुआर बुर्दे या फ्रेंच नाटककाराचे, एका स्त्रीच्या दुसऱ्या स्त्रीवरील प्रेमाविषयीचे, अतिशय गंभीर आणि संयमी नाटक. फेब्रुवारी १९२७ मध्ये पोलिसांनी एकाच रात्री तीन नाटकांवर धाड घातली, त्यांत हे एक होते. दुसरे होते मे वेस्ट या नटीचे 'सेक्स'. याच बाईंनी 'द ड्रॅग' नावाचे समलिंगी पुरुषांवरचे नाटक लिहिले होते. ते आजूबाजूच्या गावांत झाले, पण ब्रॉडवेपर्यंत पोचू शकले नाही. बाईंना 'सेक्स'पायी दहा दिवसांची कैद झाली. त्याच वर्षी न्यू यॉर्क राज्याने एक कायदा केला. रंगमंचावर 'लैंगिक विकृती' दाखवणाऱ्या नाट्यगृहाला वर्षभर टाळे ठोकता येईल, असे त्यात होते. लोक त्याला 'पॅडलॉक कायदा'च म्हणत. तो कागदावर १९६७ पर्यंत राहिला. चाळीस वर्षे! या चाळीस वर्षांत ब्रॉडवेची किती गाणी, किती नृत्ये, किती पोशाख समलिंगी माणसांनी घडवले याची गणती नाही. नाटक त्यांनी करायचे, पण नाटकात त्यांनी असायचे नाही. दिवाणखाना आल्बँने सजवायचा आणि पाहुणे आले की आल्बँने बाहेर जायचे, तसाच हा प्रकार.

१९६८ साली मार्ट क्राउली यांचे 'द बॉइज इन द बँड' आले, १९६९ च्या जूनमध्ये स्टोनवॉल बारमधला उठाव झाला, १९७५ साली 'अ कोरस लाइन'मध्ये एका नर्तकाने आपली कहाणी सांगितली. पण ही कहाणी एका बाजूच्या पात्राची होती. नायक-नायिकेच्या जागी दोन पुरुष, प्रपंच मांडलेले, भांडणारे, एकमेकांना सांभाळून घेणारे, असे मोठे संगीत नाटक ब्रॉडवेने केलेले नव्हते.

ते करायला जी मंडळी जमली ती पाहण्यासारखी आहेत. संगीतकार आणि गीतकार जेरी हर्मन, 'हॅलो, डॉली!' (१९६४) आणि 'मेम' (१९६६) या नाटकांनी घराघरांत पोचलेले. दिग्दर्शक आर्थर लॉरेंट्स, ज्यांनी 'वेस्ट साइड स्टोरी'ची संहिता लिहिली होती. आणि संहितालेखक हार्वी फायरस्टीन, वय वर्षे एकोणतीस, ब्रुकलिनचे, स्वतः स्त्रीवेषात काम केलेले, नुकतेच 'टॉर्च साँग ट्रिलजी'मुळे नाव झालेले. तिघेही समलिंगी. फायरस्टीन यांनी पहिल्या अंकाच्या शेवटी आल्बँच्या तोंडी एक संतप्त स्वगत लिहिले होते. त्यातले एक वाक्य हर्मन यांनी मागून घेतले आणि दुसऱ्या दिवशी गाणे तयार! 'आय ॲम व्हॉट आय ॲम' हे ते गाणे. मुलगा आपल्याला घराबाहेर ठेवू पाहतो आहे हे कळल्यावर आल्बँ भर प्रयोगात इतरांना थांबवून ते एकटा गातो, टोप काढून जॉर्जच्या अंगावर फेकतो आणि प्रेक्षकांच्या मधल्या वाटेने थेट बाहेर निघून जातो. पहिला अंक समाप्त. त्याच वर्षी ग्लोरिया गेनर यांनी ते गाणे ध्वनिमुद्रित केले आणि नाटक न पाहिलेल्या लोकांच्याही तोंडी ते बसले.

नाटक आधी बॉस्टनच्या कलोनियल थिएटरात करून पाहिले. बॉस्टन तेव्हा कॅथलिक आणि सोवळे शहर मानले जाई, त्यामुळे निर्मात्यांना धाकधूक होती. ती फुकट गेली. २१ ऑगस्ट १९८३ रोजी न्यू यॉर्कच्या पॅलेस थिएटरात शुभारंभ झाला आणि नोव्हेंबर १९८७ पर्यंत १,७६१ प्रयोग झाले. १९८४ च्या सोहळ्यात सर्वोत्कृष्ट संगीत नाटकासह सहा टोनी पुरस्कार मिळाले. २००४ आणि २०१० मध्ये ते पुन्हा ब्रॉडवेवर आले आणि दोन्ही वेळा सर्वोत्कृष्ट पुनरुज्जीवनाचा टोनी घेऊन गेले.

आक्षेप घेणारे होतेच, आणि ते दोन्ही बाजूंचे होते. सनातन्यांचे सोडा. पण समलिंगी चळवळीतल्या काही लोकांनाही हे नाटक फार गोडगोड वाटले. जॉर्ज आणि आल्बँ हातात हात घालून चालतात, त्यापलीकडे फारसे काही करत नाहीत. सासू-सुनांना घेऊन येणाऱ्या प्रेक्षकांना दुखवायचे नाही, असा हिशेब त्यात दिसतो. हा आक्षेप मला अर्धाच पटतो. हिशेब होता, यात शंका नाही. हर्मन यांनी प्रेक्षकांना गुणगुणत घरी पाठवायची कधी लाज बाळगली नाही. पण काळ कोणता होता ते पाहा. जून १९८१ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या अनाकलनीय आजाराची पहिली सरकारी नोंद झाली होती. १९८३ साली त्या आजाराला एड्स हे नाव होते, औषध नव्हते. वर्तमानपत्रांत समलिंगी माणसाचा उल्लेख रोगाच्या बातमीत येत असे. नाटक चालू असतानाच्या चार वर्षांत त्यातले कलावंतही या आजाराला बळी पडले. लॅरी क्रेमर यांचे 'द नॉर्मल हार्ट' हे जळजळीत नाटक १९८५ साली आले, ते अवश्य लागत होतेच. पण त्याच सुमारास पॅलेस थिएटरात ओहायोहून आलेले एखादे आजोबा-आजी दोन पुरुषांच्या संसारावर हसून, डोळे पुसून बाहेर पडत होते. स्वतः हर्मन यांना १९८५ साली एचआयव्हीचे निदान झाले. नव्या औषधांनी त्यांना तारले आणि ते डिसेंबर २०१९ मध्ये, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी वारले.

आता ब्रॉडवेवरून खाली उतरून आपल्या गावात येऊ.

'कम्युनिटी थिएटर' या अमेरिकन संस्थेशी आपली ओळख तशी कमीच. भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना ब्रॉडवेला नेतो, मराठी नाटक मंडळाच्या हॉलवर पाहतो, आणि घरापासून चार मैलांवर, जुन्या चर्चमध्ये किंवा अग्निशामक दलाच्या रिकाम्या इमारतीत दर वर्षी पाच नाटके होतात, त्यांच्या पाटीवरून गाडी हाकत किराणा आणायला जातो. बॉस्टनजवळच्या जमेका प्लेनमधला 'फुटलाइट क्लब' १८७७ साली सुरू झाला आणि आजतागायत चालू आहे. म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात १८८० साली 'शाकुंतल' लावले, त्याच्या तीन वर्षे आधीपासून ही हौशी मंडळी तिथे नाटके करत आहेत! १९१२ च्या सुमारास बॉस्टन आणि शिकागोत 'लिटल थिएटर' चळवळ सुरू झाली, तिचे लोण गावोगाव गेले आणि आज देशभर अशा हजारो संस्था आहेत. दंतवैद्य, शाळामास्तर, विमा एजंट, निवृत्त टपालवाले. पगार कोणालाच नाही. तालमी संध्याकाळी, नेपथ्याचे सुतारकाम शनिवारी. हे वर्णन ओळखीचे वाटले तर नवल नाही. मंडळातली भांडणेसुद्धा तीच असतात: मुख्य भूमिका दर वेळी अध्यक्षांच्या बायकोलाच का?

फरक एका गोष्टीत आहे, आणि तो या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. अमेरिकेत संगीत नाटक करायचे तर हक्क बाळगणाऱ्या कंपनीकडून लेखी परवाना घ्यावा लागतो. नाट्यगृहात खुर्च्या किती, तिकीट किती, प्रयोग किती, त्यावर रॉयल्टी ठरते. वाद्यवृंदाच्या स्वरलिपीच्या वह्या भाड्याने मिळतात आणि खुणा पुसून परत कराव्या लागतात. ब्रॉडवेवर किंवा दौऱ्यावर नाटक चालू असेल तर हौशी संस्थांना बहुधा हक्क मिळत नाहीत. आणि परवानगीशिवाय संहितेतला एक शब्दही बदलता येत नाही. तीन अंकी नाटक कापून-छाटून जेवणाच्या आधी दीड तासात बसवण्याची आपली जी कला आहे, ती इथे चालत नाही. त्यामुळे गावातल्या कोणी 'नाटक करा, पण तेवढे दोन पुरुषांचे काढून टाका' असे सुचवले, तर संस्थेकडे सभ्य उत्तर तयार असते: काढता येत नाही हो, करारात नाही. अनेक लेखकांच्या मागे उभा राहिलेला हा कोरडा कागद मोठा गुणी आहे.

मग संस्था 'ला काज' निवडते कशी? नाटके निवडणाऱ्या समितीचे गणित सरळ असते. एक 'साउंड ऑफ म्युझिक' लावायचे, त्यात वीस मुले घ्यायची, म्हणजे चाळीस आईबाप आणि ऐंशी आजी-आजोबा तिकिटे काढतात. त्या पैशावर हंगामात एक धाडस करायचे. 'ला काज'ची अडचण बरेचदा नीतीची नसून माणसांची असते. हौशी संस्थांकडे बायका भरपूर येतात, पुरुषांचा दुष्काळ. इथे तर उंच टाचांच्या बुटांत नाचू शकणारे दहाएक पुरुष हवेत आणि त्यांच्या मापाचे बूट हवेत. मग कोणी हायस्कूलचा फुटबॉल खेळलेला गडी येतो, कोणी चार मुलांचा बाप येतो. त्यांच्या ओळखीचे लोक हसायला म्हणून तिकिटे काढतात. मंडळाच्या 'मावशी'लाही आपण याचसाठी जातो, पण तिथे खेळ संपला की घरी जाऊन चर्चा होते ती समोशांची.

नाटकामुळे गाव पेटल्याची उदाहरणेही आहेत. अटलांटाच्या वायव्येला मॅरिएटा नावाचे टुमदार गाव आहे, कॉब काउंटीत. आज त्या परिसरात मराठी घरेही आहेत. तिथे 'थिएटर इन द स्क्वेअर' ही छोटी संस्था १९८२ पासून नाटके करत होती. १९९३ साली तिने टेरेन्स मॅक्नली यांचे 'लिप्स टुगेदर, टीथ अपार्ट' लावले. गंमत अशी, की या नाटकात रंगमंचावर एकही समलिंगी पात्र नाही. दोन नवरा-बायकोच्या जोड्या एका समुद्रकाठच्या घरात सुट्टी घालवतात. ते घर त्यांतल्या एकीला एड्सने गेलेल्या भावाकडून मिळाले आहे. पोहण्याच्या तलावात उतरायला कोणी धजत नाही. नाटक त्या न उतरण्याबद्दल आहे. पण तक्रार झाली आणि १० ऑगस्ट १९९३ रोजी काउंटी कमिशनने तीन विरुद्ध एक मतांनी ठराव केला, की समलिंगी जीवनपद्धती या समाजाच्या मूल्यांशी विसंगत आहे. पाठोपाठ काउंटीने कलांसाठीचे सगळे अनुदान बंद केले. एका संस्थेचे बंद केले तर कोर्टात अडचण आली असती, म्हणून लहान मुलांच्या वाद्यवृंदापासून सगळ्यांचेच बंद!

या ठरावाचे पडसाद मात्र नाट्यगृहाच्या कितीतरी पलीकडे गेले. १९९६ चे ऑलिंपिक अटलांटात होते आणि व्हॉलीबॉलच्या प्राथमिक फेऱ्या कॉब काउंटीत व्हायच्या होत्या. निषेधाची मोहीम उभी राहिली, १९९४ साली आयोजकांनी ते सामने अथेन्स गावी हलवले आणि ऑलिंपिकची मशालही कॉबमधून धावत नेली नाही. छोट्या नाट्यसंस्थेला ठिकठिकाणांहून मदत आली. ती पुढे २०१२ पर्यंत चालली आणि शेवटी बंद पडली ती आर्थिक ओढाताणीने.

अशाच घटना शार्लट शहरात आणि टेक्सासमधल्या किलगोर गावी झाल्या. दोन्हीकडे निमित्त टोनी कुशनर यांच्या 'एंजल्स इन अमेरिका'चे. शार्लटच्या काउंटीने १९९७ साली पाच विरुद्ध चार मतांनी कलांचे पंचवीस लाख डॉलरचे अनुदान तोडले. किलगोरमध्ये १९९९ साली कॉलेजने प्रयोग केला म्हणून तिथल्या शेक्सपिअर महोत्सवाचे पन्नास हजार गेले. पण प्रयोग झालाच.

कॉबच्या ठरावानंतर तेवीस वर्षांनी, २०१६ साली, अटलांटाच्याच अलायन्स थिएटरात एका नव्या संगीत विनोदी नाटकाचा पहिला प्रयोग झाला: 'द प्रॉम'. बॉब मार्टिन, चॅड बेग्वेलिन आणि मॅथ्यू स्क्लार यांचे. हे आज हौशी संस्था आणि शाळांमध्ये 'ला काज'ची जागा घेऊ लागले आहे. त्याच्या मुळाशी खरी घटना आहे. मिसिसिपीतल्या फुल्टन गावच्या कॉन्स्टन्स मॅक्मिलन या विद्यार्थिनीला २०१० साली शाळेच्या प्रॉमला आपल्या मैत्रिणीबरोबर, टक्सीडो घालून जायचे होते. शाळा मंडळाने सगळी प्रॉमच रद्द केली. (सगळ्यांचे बंद, म्हणजे एकीवर अन्याय झाला असे म्हणता येत नाही. कॉब काउंटीची युक्ती इथेही.) फेडरल न्यायाधीशांनी तिच्या हक्कांचा भंग झाल्याचे मान्य केले. मग पालकांनी खाजगी नाच ठेवला. ती गेली, तर तिथे जेमतेम सात मुले होती. बाकीचा वर्ग दुसरीकडे, तिला न सांगता ठेवलेल्या नाचात होता. त्या जुलैत शाळा मंडळाने तडजोडीत तिला ३५,००० डॉलर दिले आणि भेदभाव न करण्याचे धोरण मान्य केले.

या घटनेवर विनोदी नाटक कसे होणार? लेखकांनी केले ते असे: ब्रॉडवेवर आपटलेले चार आत्मप्रौढ नट प्रसिद्धीसाठी एखादे 'सत्कार्य' शोधत इंडियानातल्या काल्पनिक एजवॉटर गावी येऊन थडकतात, एमा नावाच्या मुलीला वाचवायला. तिला वाचवून घ्यायचे नसते, फक्त नाचायचे असते. सगळा विनोद या नटांवर आणि शहरी उपकारकर्त्यांवर. पण ती सात मुलांची रिकामी प्रॉम नाटकात जशीच्या तशी आहे, आणि तिथे हशा थांबतो. एमाच्या मैत्रिणीची आई पालक-शिक्षक संघटनेची प्रमुख. ती मुलीच्या काळजीनेच आंधळी झालेली आहे. ती खलनायिका वाटत नाही, ओळखीची वाटते. नाटक नोव्हेंबर २०१८ ते ऑगस्ट २०१९ ब्रॉडवेवर ३०९ प्रयोग चालले, म्हणजे ब्रॉडवेच्या मानाने साधारणच. २०२० च्या डिसेंबरात नेटफ्लिक्सवर त्याचा सिनेमा आला. त्याचे खरे आयुष्य पुढे, गावातल्या संस्थांच्या हाती सुरू झाले. त्यात मुलींच्या भूमिका भरपूर आहेत, समितीला हा केवढा दिलासा!

आपल्या मुलामुलींमुळे या नाट्यगृहांत आपले पाऊल आता पडू लागले आहे. मराठी रंगभूमीच्या इतिहासाचा आपल्याला अभिमान आहे आणि तो सार्थही आहे. पण या विषयात तो जपून मिरवावा. स्त्रीवेष ही आपल्याकडे नवलाई नाही. बालगंधर्वांनी (१८८८–१९६७) साडी कशी नेसावी हे घरंदाज बायकांनी पाहून शिकावे, इतपत तिला मान दिला. त्या मानाचे एक कारण असे, की वेष उतरला की नारायणराव राजहंस हे कुटुंबवत्सल गृहस्थ आहेत याची प्रेक्षकांना खात्री होती. ज्याचा वेष उतरत नाही त्याचे काय, हा प्रश्न सतीश आळेकरांनी 'बेगम बर्वे'त (१९७९) विचारला. संगीत नाटकमंडळीतला एक दुय्यम स्त्रीपार्टी नट, आता उदबत्त्या विकणारा, मनातून अजून शालू नेसलेला. दोन कारकुनांच्या स्वप्नात तो खरोखरच बायको होतो, आणि स्वप्न मोडल्यावर त्याचे जे होते ते पाहवत नाही. विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मध्ये (१९८१) दुसऱ्या मुलीवर प्रेम करणारी मित्रा शेवटी जीव देते. दोन्ही नाटके थोर आहेत. पण ज्यात शेवटी सगळे जेवायला एकत्र बसतात, असे हसते-खेळते नाटक या विषयावर आपल्या मंडळांच्या नेहमीच्या यादीत नाही.

आणि ज्यांना त्याची गरज आहे असे लोक आपल्यात नाहीत, असे तर नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात 'त्रिकोण' ही दक्षिण आशियाई समलिंगींची संस्था १९८६ सालीच निघाली. अमेरिकेत २०१५ पासून सर्वत्र अशी लग्ने कायदेशीर आहेत. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या यादीतून काढले, लग्नाला मात्र ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मान्यता दिली नाही. आपल्याकडे याबाबत वाईट कोणी बोलत नाही. दिवाळीच्या कार्यक्रमात 'मुलाचे यंदा करताय ना?' एवढेच विचारतात. मग एखादे जोडपे पुढच्या दिवाळीला येत नाही, त्याच्या पुढच्याही नाही, आणि 'कामात असतील' असे आपण म्हणतो.

गेल्या काही वर्षांत वारे पुन्हा फिरले आहे. टेनेसी राज्याने मार्च २०२३ मध्ये कायदा केला. त्यातल्या 'प्रौढांसाठीच्या' कार्यक्रमांच्या व्याख्येत, विवस्त्र नर्तकांच्या बरोबरीने, 'स्त्रीवेषधारी आणि पुरुषवेषधारी कलावंत' बसवले. मुलांना घातक ठरेल असा प्रयोग मुलांच्या नजरेला पडेल अशा जागी केल्यास गुन्हा. कायदा सरसकट स्त्रीवेषावर बंदी घालत नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण घातक काय हे कोण ठरवणार, या धास्तीने मेम्फिसच्या 'फ्रेंड्स ऑफ जॉर्जेस' या संस्थेने कोर्टात धाव घेतली. गावातल्या एका जुन्या, बंद पडलेल्या क्लबाचे नाव लावणारी ही ना-नफा मंडळी स्त्रीवेषातली विनोदी नाटुकली करून मिळालेला पैसा धर्मादाय संस्थांना देतात. २ जून २०२३ रोजी न्यायाधीश टॉमस पार्कर यांनी कायदा घटनाबाह्य ठरवला. जुलै २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. कायदा बरोबर की चूक यात न्यायालय शिरलेच नाही, या संस्थेला दावा लावण्याचा अधिकार पोचत नाही एवढे म्हणाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

'द प्रॉम'चे काल्पनिक एजवॉटर इंडियानात आहे म्हणून तिथलीच एक खरी घटना. फोर्ट वेनजवळच्या एका हायस्कूलने २०२३ च्या फेब्रुवारीत मुलांनी बसवायला घेतलेले रॉबिन हूडच्या कथेवरचे एक विनोदी नाटक, काही पालकांच्या तक्रारींनंतर रद्द केले. त्यात दोन मुलींचे प्रेम होते. मुलांनी नाटक सोडले नाही. लोकवर्गणी जमवली, गावातल्या नाट्यसंस्थांतल्या जाणत्या मंडळींनी मदत केली, आणि मे महिन्यात शहराच्या बागेतल्या खुल्या फोलिंजर नाट्यगृहात प्रयोग लावला. शाळेच्या सभागृहात दोन रात्री मिळून झाली असती त्यापेक्षा कितीतरी जास्त गर्दी त्या एका संध्याकाळी तिथे जमली होती.